वाघाची कवटी, अस्वलाची कवटी

वाघ मोठा की अस्वल मोठे, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात केवळ शाळकरी मुलांच्या तोंडचा नाही. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी, राळेगाव ह्या तालुक्यांत ज्या गावांच्या शिवेला रान येऊन भिडले आहे, तेथे कपाशीच्या शेतात रात्रीची जागल करणारा शेतकरी, पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचायला निघालेली कोलाम स्त्री, गुरे घेऊन नाल्याकाठी बसलेला गुराखी, हे सारे तो प्रश्न आपापल्या परीने स्वतःशी विचारीत असतात, कारण त्याच्या उत्तरावर त्यांनी त्या दिवशी कोणती वाट धरावयाची हे ठरत असते. शहरातील जिज्ञासूंची रीत निराळी. त्यांना उत्तर मापात हवे असते, आणि ते माप बहुधा कवटीचे असते : अमक्या अस्वलाची कवटी इतके इंच, तमक्या वाघाची तितके इंच, आणि ज्याचा आकडा मोठा तो रानाचा धनी. ह्या मापनाच्या हौसेविषयी मला अनादर नाही; शिकाऱ्याच्या तोंडच्या हकिकतीपेक्षा टेबलावर ठेवलेल्या हाडाची साक्ष पुष्कळ अधिक ग्राह्य असते. माझे म्हणणे एवढेच आहे की ह्या साक्षीदाराला आपण चुकीचा प्रश्न विचारीत आलो आहोत, आणि त्या चुकीची किंमत रानात पोटासाठी हिंडणारी माणसे आपल्या चेहऱ्याने चुकती करीत आहेत.

प्रथम आकडेच पाहू. आपल्याकडील पट्टेदार वाघाच्या प्रौढ नराची कवटी साधारणतः ३३ ते ३८ सेंटिमीटर लांब भरते. वाघिणीची बरीच लहान, सुमारे २७ ते ३१ सेंटिमीटरांची. बिबट्याची कवटी ह्या दोहोंपुढे किरकोळ. आपल्या रानातले काळे अस्वल अंगलोटाने वाघाची बरोबरी करीत नाही, कारण त्याचा पूर्ण वाढलेला नर साधारण ८० ते १४५ किलोग्रॅम वजनाचा आणि मादी ५५ ते ९५ किलोग्रॅमची असते, तर वाघाचा नर दोनशे किलोग्रॅमच्या आसपास सहज जातो. आणि तरीही मोठ्या नर-अस्वलाची कवटी लांबीने वाघिणीच्या कवटीच्या जवळपास येऊन ठेपते. जगाचा विचार केला तर पारडे आणखीच फिरते. अलास्कातील कोडियाक बेटावर १९५२ साली मारलेल्या एका तपकिरी अस्वलाच्या कवटीची लांबी १७ १५/१६ इंच आणि रुंदी १२ १३/१६ इंच भरली, म्हणजे सुमारे साडेपंचेचाळीस सेंटिमीटरांची ती कवटी. आणि मार्जारकुळात सर्वांत लांब कवटी ज्याची म्हणून सांगतात त्या आफ्रिकी सिंहाच्या मोठ्या नराचीसुद्धा कवटी चाळीस सेंटिमीटरांच्या घरातच राहते. तेव्हा अलास्काशी तोलले तर अस्वल मोठे, यवतमाळशी तोलले तर वाघ मोठा. मात्र ह्या निकालाने मोह वेचणाऱ्या स्त्रीच्या हाती काहीही पडत नाही.

न पडण्याचे एक कारण असे की हे माप मुळी शिकाऱ्यांच्या दरबारात जन्मास आले. लंडनच्या रोलंड वॉर्ड ह्यांनी १८९२ साली शिकारीच्या प्राण्यांच्या शिंगांच्या आणि वजनांच्या विक्रमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट ह्यांच्या पुढाकाराने १८८७ साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने अस्वलांसाठी आणि मोठ्या मांजरांसाठी जो नियम ठरविला तो असा की खालचा जबडा बाजूस ठेवावा, कवटी साठ दिवस सुकू द्यावी, कारण ओली कवटी सुकताना आकसते, आणि मग लांबी व रुंदी ह्यांची नुसती बेरीज करावी. वर दिलेल्या कोडियाकच्या अस्वलाची ही बेरीज ३० १२/१६ इंच होते आणि त्या बेरजेवर त्याचा पहिला क्रमांक लागतो. भिंतीवर लावावयाच्या वस्तूंची प्रतवारी करण्यास ही रीत पुरेशी आहे. आपल्याकडे तर ब्रिटिश अमलात वाघ, बिबटे आणि अस्वल मारणाऱ्यास सरकारी खजिन्यातून इनाम देण्याचा शिरस्ता होता, आणि प्राणी मारल्याचा दाखला म्हणून त्याचे अवशेष कचेरीत हजर करावे लागत. ज्या मुलखात कवटीची पहिली ओळख अशा रीतीने इनामाची पावती म्हणून झाली, तेथे तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहण्याची सवय लागण्यास वेळ लागणारच.

निराळ्या नजरेची माणसेही होती, आणि त्यांचा आपल्या प्रांताशी संबंध आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सस्तन प्राण्यांची जी देशव्यापी पाहणी हाती घेतली, तिचा आरंभ खानदेशात झाला आणि वऱ्हाडातही तिचे संग्राहक हिंडले. त्यांनी गोळा केलेली कातडी आणि कवट्या लंडनच्या संग्रहालयात गेल्या, आणि रेजिनाल्ड पोकॉक ह्यांनी १९३९ व १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील दोन खंडांत अशाच सामग्रीची छाननी झाली. पोकॉक माप घेत ते दोन प्राण्यांत पैज लावण्यासाठी नव्हे. कोणते हाड कोणत्या हाडापर्यंत पोहोचते, कोणता दात कोणत्या कामाचा, ह्याचा तपशील त्यांना हवा असे. वाघाची आणि सिंहाची कवटी कातडे नसताना ओळखावयाची कशी, ह्याचा दाखला घ्या. सिंहाचा खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवला तर पाळण्यासारखा डुलतो, कारण त्याची खालची कड बहिर्वक्र असते. वाघाचा जबडा स्थिर बसतो. ह्या एका खुणेपुढे चार इंचांची बढाई फिकी पडते. आणि लांबी तर किती फसवी! नेड हॉलिस्टर ह्यांनी १९१७ साली पूर्व आफ्रिकेतील रानटी सिंहांच्या कवट्या आणि वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या सिंहांच्या कवट्या शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिले की पिंजऱ्यात वाढलेल्याची कवटी आखूड व रुंद होते. प्राण्याने आयुष्यभर मान व जबडा कसा वापरला, हे हाडात उतरते. म्हणून कवटीतून वाचावयाची असते ती त्या प्राण्याची उपजीविका.

ह्या दृष्टीने वाघाची कवटी पाहावी. मुस्कट आखूड, म्हणजे जबड्याची तरफ आखूड, म्हणजे सुळ्यांच्या टोकाशी येणारे बळ अधिक. डोक्याच्या माथ्यावर मागे जाणारा हाडाचा उंच कणा आणि दोन्ही गालांवर बाहेर फाकलेल्या रुंद कमानी ह्यांच्या मधल्या जागेत कानशिलाचा तो प्रचंड स्नायू बसतो, जो सांबराच्या नरड्यावर जबडा आवळून धरतो आणि ते निश्चल होईपर्यंत सोडीत नाही. जबड्याचा सांधा बिजागरीसारखा वरखालीच हलतो. गाय चघळते तसे बाजूस हलणे वाघाला शक्य नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. दात तीसच, पण दाढांच्या जागी कात्रीच्या पात्यांसारखे कातरदात. डोळ्यांच्या खोबणी मोठ्या आणि पुढे रोखलेल्या, अंतर अजमावण्यासाठी. चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर ह्यांच्यावर जगणाऱ्या, लपून जवळ जाणाऱ्या आणि एकाच झडपेत काम उरकणाऱ्या जनावराची ही कवटी आहे. अशा जनावराला माणूस जवळपास आहे हे माणसाला त्याची चाहूल लागण्याच्या कितीतरी आधी कळते, आणि बहुतेक वेळा ते वाट सोडून निघून जाते.

आता अस्वलाची कवटी. तिने एकदा सबंध युरोपला चकविले आहे. जॉर्ज शॉ ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली ह्या प्राण्याचे वर्णन केले तेव्हा त्याची लांब वाकडी नखे आणि वरच्या जबड्यात पुढच्या दातांची उणीव पाहून त्याने त्यास दक्षिण अमेरिकेतील, झाडाला उलटे लोंबकळणाऱ्या मंदगती स्लॉथच्या वर्गात टाकले. दोनच वर्षांनी त्यास अस्वलांत आणून बसवून मेलर्सस, म्हणजे मधाचे अस्वल, असे नाव देण्यात आले, परंतु इंग्रजीत ते आजतागायत 'स्लॉथ बेअर' म्हणूनच ओळखले जाते. शॉ चुकला खरा. पण ज्या खुणेने तो चुकला तीच खूण ह्या प्राण्याच्या सर्व जीवनाची किल्ली आहे. इतर अस्वलांना बेचाळीस दात असतात, ह्याला चाळीस, कारण वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात ह्याला येतच नाहीत. त्या जागी फट असते. टाळू लांब आणि खोलगट, ओठ सैल व पुढे काढता येण्याजोगे, नाकपुड्या इच्छेप्रमाणे बंद करता येण्याजोग्या, दाढा इतर अस्वलांच्या मानाने लहान. सारी कवटीच एका नळीची रचना आहे. नखांनी वारूळ फोडावयाचे, फुंकर घालून माती उडवावयाची, आणि मग त्या फटीतून वाळवी ओढून घ्यावयाची. ह्या ओढण्याचा आवाज दीडशे-दोनशे मीटरांवरून ऐकू येतो. वाळवी, मुंग्या, मध, मोहफुले, टेंभुर्णीची फळे, जांभळे, बोरे, बहाव्याच्या शेंगा : हा ह्या 'हिंस्र श्वापदा'चा आहार.

येथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा येथेच आहे. ज्या प्राण्याचे डोके वारुळात खुपसलेले आहे, ज्याच्या स्वतःच्या फुंकण्या-ओढण्याचा गजर त्याच्या कानांत भरलेला आहे, ज्याची दृष्टी अधू आहे आणि ज्याचा सारा भरवसा नाकावर आहे, त्या प्राण्याला वाऱ्याच्या उलट दिशेने येणारा माणूस कळतो तो दहा पावलांवर आल्यावर. वाघाला जी आगाऊ सूचना मिळते ती ह्याला मिळत नाही. पळून जाण्याइतके अंतर उरलेले नसते. आणि वाघांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या ह्या जातीला, जिची पिल्ले आईच्या पाठीवर बसून रान हिंडतात, अशा क्षणी एकच मसलत ठाऊक असते : उभे राहून समोरच्याच्या तोंडावर तुटून पडणे. म्हणून अस्वलाच्या हल्ल्यातील जखमा चेहऱ्यावर, डोळ्यांवर आणि डोक्यावर होतात. त्यात भक्षणाचा हेतू नसतो. दचकलेल्या प्राण्याने केलेला तो बचाव असतो. आणि हे केव्हा घडते? चैत्राच्या आगेमागे, मोहाची फुले रात्रभर गळून पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो तेव्हा. कारण ती फुले उन्हे तापण्यापूर्वी वेचावी लागतात आणि अस्वलालाही तीच वेळ सोयीची असते. पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो आणि पुन्हा तीच गाठ पडते. माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली एकाच अन्नासाठी एकाच प्रहरी येतात. ह्या गाठीचा उलगडा कवटीच्या लांबीत शोधून सापडणार नाही. दोन दातांच्या त्या फटीत तो आहे.

हे ध्यानात आले की उपायही समजतात, आणि ते फार खर्चाचे नाहीत. मोह वेचण्यास एकटीदुकटीने न जाता जथ्याने जावे, बोलत-गात जावे, गुरांच्या गळ्यातल्यासारखी एखादी घंटा बरोबर असावी, उजाडण्याची थोडी वाट पाहावी, वारुळांच्या बाजूने झुडुपांत शिरताना काठीने आवाज करावा. वाघासाठी सांगितल्या जाणाऱ्या सूचना येथे पुरत नाहीत, कारण वाघ आपल्याला आधी पाहतो हे गृहीत धरून त्या रचलेल्या असतात. अस्वलाच्या बाबतीत 'मी येत आहे' अशी वर्दी देण्याची जबाबदारी माणसावर आहे. वनखात्याने हंगामापूर्वी गावोगाव ही एक गोष्ट दवंडी पिटून सांगितली तरी पुष्कळ होईल. आणि जखमींच्या नुकसानभरपाईचा विचार करताना, चेहरा विद्रूप झालेल्या स्त्रीचे नुकसान हातापायाच्या हाडाच्या हिशेबाने मोजता येत नाही, हे ध्यानी घेणारी तजवीज कायद्यात व्हावी.

परंतु अस्वल आपल्या चर्चेत येतच नाही. आपल्या जिल्ह्याचे नाव अलीकडे दोनदा देशभर झाले ते वाघांमुळे. राळेगाव-पांढरकवडा भागातील तेरा माणसांच्या मृत्यूंशी जिचे नाव जोडले गेले ती टी-१ वाघीण, लोकांची अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी लागून मेली, तेव्हा तिच्या बाजूने आणि विरुद्ध देशातील वृत्तपत्रांचे रकाने भरून निघाले. त्यानंतर वर्षभरात टिपेश्वरच्या १४८ चौरस किलोमीटरांच्या अभयारण्यात जन्मलेला आणि गळ्यात रेडिओपट्टा बांधलेला एक तरुण वाघ नवा मुलूख शोधीत निघाला, विदर्भ-तेलंगणाच्या शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडीत तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकला, आणि २०१९ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन स्थिरावला. त्या प्रवासाचे कौतुक झाले आणि ते व्हावयासच हवे होते. मला मात्र त्या हकिकतीतील एक गोष्ट राहून राहून आठवते. ज्ञानगंगेत त्या वेळी दुसरा वाघ नव्हता. ते रान अस्वलांसाठी प्रसिद्ध होते आणि आहे. टिपेश्वरचा राजपुत्र जेथे जाऊन पोहोचला तो मुलूख आधीपासून कोणाचा होता, हे त्या वेळच्या मजकुरात शोधावे लागते.

दोघांची समोरासमोर गाठ पडली तर काय होते, हेही विदर्भाने पाहिले आहे. २०१८ च्या फेब्रुवारीअखेरीस ताडोबातील जामुनबोडीच्या पाणवठ्यावर पिल्लासह पाणी प्यायला आलेल्या अस्वल-मादीवर मटकासुर नावाने ओळखल्या जाणाऱ्या धिप्पाड वाघाने झडप घातली. वाघाने तिला खाली पाडले, जबड्यात धरले, आणि तरी ती उठली, उलट तुटून पडली, आणि अखेर दोघेही जिवंत बाजूस झाली. तिची कवटी त्याच्या कवटीहून निश्चितच लहान होती. पुराणातील जांबवंताने स्यमंतक मण्यासाठी प्रत्यक्ष श्रीकृष्णाशी अठ्ठावीस दिवस द्वंद्व केल्याची कथा रचणाऱ्या कवीने हे जनावर कोठेतरी जवळून पाहिले असावे, असे मला नेहमी वाटते.

आणि ह्याच जांबवंताच्या वंशजाचे आपण काय केले? दरवेशी गावात येई, त्याच्या हातात दोर, दोराच्या टोकाला अस्वल, आणि तो दोर ओवलेला असे अस्वलाच्या मुस्कटातून. ज्या नाकावर त्या प्राण्याचे सर्व ज्ञान अवलंबून, तेच नाक तापल्या सळईने भोसकलेले; जे सुळे त्याचे शस्त्र, तेच ठोकून पाडलेले. आमच्या पिढीतील मुलांनी ताइतात घालण्यासाठी त्याचे केस मागून घेतले. आता ती प्रथा कायद्याने आणि पुनर्वसनाच्या प्रयत्नांनी मोडली आहे. ती मोडली ह्याचे समाधान मोठे आहे. पण दरवेशी गेला त्याबरोबर अस्वल आपल्या दृष्टीआडही गेले.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती कवट्यांविषयीच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे वाघाची वा अस्वलाची कवटी ही सरकारी मालमत्ता आहे. ती घरात बाळगणे गुन्हा आहे, आणि असावयासच हवा. मेलेल्या वाघाचे शवविच्छेदन झाले की राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने घालून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार पंचांसमक्ष, पंचनामा करून, सबंध शव अग्नीच्या स्वाधीन करण्यात येते, म्हणजे हाड, नख, दात काहीही तस्करांच्या हाती लागू नये. ही दक्षता रास्त आहे आणि ती तसूभरही सैल करण्याच्या मी विरुद्ध आहे. परंतु जाळण्यापूर्वी शिराचे सी.टी. स्कॅन करण्यास त्या दक्षतेची आडकाठी नाही. ह्या पद्धतीत मांस काढून हाड उघडे करावे लागत नाही, शव फार काळ ठेवून घ्यावे लागत नाही, आणि कवटीचा प्रत्येक कंगोरा, दातांची झीज, जुन्या मारामारीत मोडून जुळलेले गालाचे हाड, हे सर्व कायमचे दप्तरी राहते. ज्याची हाडे जळाली त्याची हुबेहूब प्रतिकृती त्या नोंदीवरून पुढे केव्हाही करता येते. एक अडचण कोणी काढील की वाघासाठी एवढा खटाटोप होईलही, रानात मेलेल्या अस्वलासाठी कोण करणार? त्या अडचणीला माझे उत्तर एवढेच की आरंभ अस्वलापासून करावा.

अशा नोंदींचा संग्रह अमरावतीच्या विद्यापीठाने सांभाळावा, आणि त्यावरून काढलेल्या, बाजारात ज्यांना कवडीचीही किंमत येणार नाही अशा प्लास्टरच्या प्रतिकृती रानालगतच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून ठेवाव्यात. एक वाघाची, एक अस्वलाची, शेजारी शेजारी. फीत घेऊन मोजू पाहणाऱ्या मुलास मोजू द्यावे. मग वाघाच्या माथ्यावरच्या कण्यावरून त्याचे बोट फिरवावे, गालाच्या कमानीतून त्याची मूठ आरपार जाते की नाही ते पाहू द्यावे, आणि नंतर अस्वलाच्या वरच्या जबड्यात, जेथे दोन दात असावयास हवे होते आणि नाहीत, तेथे तेच बोट ठेवून त्यास विचारावे की ही जागा मोकळी का बरे असेल. झरी-जामणीतील ज्या मुलीची आई उद्या पहाटे मोह वेचायला जाणार आहे, ती मुलगी ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच संध्याकाळी चुलीपाशी बसून आईला सांगेल.